‘उशाशी’ची पहिली अकरा माणसं

एका लग्नाच्या मांडवात, भोवती पन्नासेक पाहुणे उभे असताना, सिस्टरांनी आमच्या सरपंचांना विचारलं होतं, "काय, आज पोट साफ झालं का?"

सरपंच हातातला सरबताचा ग्लास तसाच धरून थिजले. मग हळूच म्हणाले, "झालं."

"छान," म्हणून सिस्टर पुढच्या पाहुण्याकडे वळल्या.

आपण एकमेकांना ‘काय, कसं काय’ विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. सिस्टरांना उत्तर हवं असायचं. सगळी हयात त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा दिवस तसाच चालू होता. सकाळी सातला स्कूटर काढायची आणि किहीमपासून थळपर्यंतच्या गावांत जी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत त्यांच्या घरी जाऊन यायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, चष्मा बँडेजच्या पट्टीने गळ्यात बांधलेला, आणि स्कूटरचा वेग सायकलवाल्याने मागे टाकावं असा. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग त्यांच्या मागे हॉर्न वाजवत राहायची. सिस्टर बाजूला व्हायच्या नाहीत. "समुद्रच बघायचाय ना त्यांना," म्हणायच्या, "तो कुठं पळून जातोय?"

त्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या एका कोळणीमुळे.

मी तेव्हा न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद करत होतो. रोज रेवसहून लाँचने करंजा, तिथून पुढे बस. माझ्या वडिलांना, अण्णांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मालकांनी मला घरून काम करायची परवानगी दिली आणि आई आणि मी मिळून अण्णांचं सगळं करू लागलो. दीड महिन्यात अण्णांच्या कमरेखाली एक जखम झाली. आधी नाण्याएवढी, मग वाटीएवढी. आईला वाटत होतं, ती माझ्या लक्षात आलेली नाही. मला वाटत होतं, तिच्या लक्षात आलेली नाही. आम्ही दोघं ती जखम एकमेकांपासून लपवत होतो.

थळची एक वहिनी आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिची सासूही वर्षभर पडून होती. तिने एक दिवस पाटी उतरवली, दारातूनच आत नाक वळवलं, आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांची स्कूटर दारात.

आम्हाला ओलांडून त्या सरळ पलंगाशी गेल्या. "अण्णा, मी सिस्टर. तुमची पाठ बघायची आहे. बघू?"

अण्णा नुसते बघत राहिले. मी म्हणालो, "त्यांना बोलता येत नाही."

"मी त्यांना विचारलंय," सिस्टर म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे मिटून उघडले. मग सिस्टरांनी हात लावला.

रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. जखम धुतली, बांधली, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते आमच्याकडून तीनदा करून घेतलं, उशी कुठे लावायची ते दाखवलं. आई मागे तोंडाला पदर लावून रडत होती. तिला म्हणाल्या, "अहो, लाज कसली वाटून घेता? जखमेला लाज कळत नाही. सांगितलं नाही की ती वाढते, एवढंच तिला कळतं."

त्यानंतर त्या दिवसाआड यायच्या. जखम भरत आली तेव्हाची गोष्ट. माझ्या मागे उभ्या राहून स्क्रीनकडे बघत त्यांनी विचारलं, "तू दिवसभर ह्यात काय करतोस रे बाळा?"

"कुठला कंटेनर कुठे पोचला, ते लोकांना कळवतो."

"अस्सं. म्हणजे लोखंडाचा डबा कुठल्या समुद्रात आहे ते जगाला कळतं. आणि थळच्या बाईला हे कळत नाही की तिच्यासारखीच एक बाई किहीमला बसलीये." त्या खुर्ची ओढून बसल्या. "दोघींना एकच प्रश्न. दोघींना वाटतं, हे जगात आपल्याच घरात चाललंय. मी एकीचं उत्तर दुसरीकडे पोचवते. पण मी किती दिवस पोस्टमन होणार? ह्यात काही करता येईल का?"

मी म्हणालो, मोबाइलवर एक ग्रुप करू, पाच मिनिटांत होईल. त्यांनी जोरजोरात मान हलवली. "नको. तिथं एखादी बाई रडवेली होऊन काही विचारते, आणि तिच्या डोक्यावर सत्तर माणसं सुप्रभाताची फुलं टाकतात. गाडली जाते बिचारी. मला असं पाहिजे की आज विचारलेलं वर्षाने दुसऱ्याला सापडलं पाहिजे."

फुकटात मिळणारं एक साधन वापरून मी दोन दिवसांत इंटरनेटवर एक फोरम उभा केला, प्रश्न आणि उत्तरं साठून राहतील अशी जागा. नाव त्यांनीच दिलं : ‘उशाशी’. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला काही घरांत त्यांना बाळंतपण करायला बोलवायचे, पण प्यायला पाणी अंगणात द्यायचे, वरून ओतून. ही कोणाची मुलगी, कुठल्या वस्तीतली, ते सगळ्यांना ठाऊक असायचं. सिस्टर हे चिडून सांगत नसत, भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं सांगत. "पण आत बाई अडली की दार उघडायचं. एकदा उशाशी पोचले ना बाळा, की मग मी कोण ते कुणी विचारायचं नाही. त्या जागेला सगळी माणसं सारखी असतात. म्हणून ते नाव."

तर ‘उशाशी’ सुरू झालं, आणि तिथे कुणीच आलं नाही.

कुणीच म्हणजे, सिस्टर होत्या आणि मी होतो. माझ्या फोनमध्ये सातशे-आठशे नंबर होते. सगळ्यांना दुवा पाठवतो म्हणालो, अलिबागच्या नाक्यावर बॅनर लावू म्हणालो. त्यांनी दोन्हीला नकार दिला. "जत्रा भरवायची आहे का? घरात आजारी माणूस असताना जत्रेत कोण तोंड उघडेल?"

त्यांची पद्धत वेगळी होती. त्या ज्या घरी जात, तिथल्या एका माणसाच्या शेजारी बसत आणि त्याच्या हाताने पहिलं वाक्य लिहून घेत. स्वतः टाइप करून देत नसत. थळच्या वहिनीला एक ओळ लिहायला पाऊण तास लागला होता. मी तिथे होतो. ती सारखी म्हणत होती, "सिस्टर, मना न्हाय जमायचा. तुमीच लिवा ना."

"माझी सासू पडलेली आहे का? तुझी आहे. तू लिही."

वहिनीने लिहिलं : ‘आमची सासू हाय. दिसभर हाका मारते. काय पायजे ते सांगत न्हाय.’ मी शुद्धलेखन नीट करायला हात पुढे केला, तर सिस्टरांनी माझ्या हातावर चापट मारली.

नावं लिहायची नाहीत, गाव लिहायचं, हाही त्यांचाच नियम. थळची वहिनी, चौलचे मास्तर, रेवदंड्याचे काका. अशी तीन महिन्यांत अकरा माणसं झाली. अकरापैकी सात जण पहिली ओळ लिहून जे गप्प झाले ते गप्पच.

सिस्टर मात्र रोज साडेदहाला, सकाळची फेरी संपवून आमच्याकडे येत, चष्मा चढवत, आणि एका बोटाने चार ओळी लिहीत. त्या दिवशी कुठल्या घरात काय पाहिलं ते, आणि शेवटी एक प्रश्न. ‘आज एका घरात आजोबांनी गोळी गालात लपवली आणि नंतर उशीखाली ठेवली. तुमच्याकडे गोळ्या कशा देता?’ कुणी उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न. मला ते बघवत नसे. रिकाम्या वर्गात फळ्यावर लिहीत राहिलेल्या बाई दिसायच्या.

"सिस्टर, कुणी बोलत नाहीये," मी एकदा म्हणालो.

"वाचतं का कुणी?"

मी पाहिलं. त्यांचा गोळीचा प्रश्न नऊ जणांनी उघडला होता. काहींनी दोन-दोनदा.

सिस्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे येऊन बसून गेले ना! मग? माझ्या केंद्रात बायका यायच्या, तास तास बाकावर बसायच्या, काही न सांगता परत जायच्या. चौथ्या खेपेला सांगायच्या. बाकावरच्या बाईला हाकलायचं नसतं आणि तिला ‘बोल बोल’ करायचंही नसतं."

आणि त्यांनी एक वही सुरू केली. मला वाटलं, लिहिणाऱ्यांची नोंद ठेवतील. त्यांनी ठेवली ती न लिहिणाऱ्यांची. कोण किती दिवस गप्प आहे. फार दिवस झाले की त्या घरी स्कूटर जायची. फोरमचं नावही काढायच्या नाहीत. पोट साफ होतं का, विचारून परत यायच्या.

त्या शांततेचा मला कंटाळा आला होता हे खरं. त्याहून खरं म्हणजे मला तिची लाज वाटू लागली होती. ऑफिसातल्यांपुढे मी फोनवर बढाई मारली होती की आम्ही आमच्या भागात असं असं काही सुरू केलंय. मित्रांनी दुवा मागितला असता तर दाखवायला काय होतं? म्हणून मी एक उद्योग केला. एका दुपारी खोटं खातं उघडलं. पेणची सुनीता. नाव लिहायचं नाही हा नियम घाईत विसरलो. आणि लिहिलं : ‘माझ्या सासूबाई मला ओळखत नाहीत. मी समोर गेले की चोर आली म्हणून ओरडतात. शेजारी जमतात. मी काय करू?’

कुठेतरी वाचलेलं होतं. वाटलं, एक चांगला झणझणीत प्रश्न आला तर बाकीचे बोलायला लागतील.

बाकीचे बोलले नाहीत. सिस्टरांनी मात्र लांबलचक उत्तर लिहिलं, एका बोटाने, तासभर बसून. मी शेजारच्या खुर्चीत बसलेलो. ‘सुनीता, तू चोर नाहीस हे तुला माहीत आहे, पण दिवसातून दहादा ऐकलं की माणसाला आपलीच शंका यायला लागते. म्हणून मी पुन्हा सांगते, तू चोर नाहीस...’ अशी सुरुवात होती. माझे कान तापले. पण मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सुनीताचं काही आलं?" तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी त्या साडेदहाला आल्या नाहीत. बाराच्या सुमाराला फोन आला. मागे एसटीचे आवाज.

"बाळा, मी पेणला स्टँडवर उभी आहे. सुनीता कुठल्या आळीत राहते ते तुझ्या कॉम्प्युटरात दिसतं का रे?"

एप्रिलचं ऊन होतं. त्या स्कूटरवरून, त्या वेगाने, त्या पेणपर्यंत गेल्या होत्या. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही दिसत."

"बरं. बघते मी विचारून," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चार वाजता आमच्या दारात स्कूटर थांबली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. आईने पाणी दिलं ते उभ्यानेच प्यायल्या. दवाखान्यांत विचारलं, मेडिकलच्या दुकानांत विचारलं, गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायकांना विचारलं. सुनीता सापडली नाही. "पण एक ताई सापडली. तिची सासू नव्हे, आई. तीही चोरच म्हणते तिला. आता सांग, एका गावात अशा दोघी! आणि दोघींची गाठ नाही."

मी तिथे आईसमोर सगळं सांगून टाकलं.

अण्णा पलंगावरून आमच्याकडे बघत होते.

"म्हणजे सुनीता नाहीच?"

"नाही."

"मग चार दिवस मी काळजी केली ती कुणाची?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "थळच्या वहिनीने सासूचं सगळं खरं लिहिलं. नणंदा वाचतील म्हणून घाबरत होती, तरी लिहिलं. अकरा घरांनी आपली आतली खोली उघडून दाखवली आणि तू तिथं बाहुली आणून निजवलीस." मग स्कूटरची चावी उचलून म्हणाल्या, "मला सांगितलंस, ठीक. त्यांनाही सांग. तुझ्या हाताने."

"सिस्टर, ते सोडून जातील."

"जातील," त्या म्हणाल्या.

मी सात-आठ वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी साधं लिहिलं : ‘पेणची सुनीता नाही. ती मी लिहिली होती. इथे कुणी बोलत नाही ह्याची मला लाज वाटत होती. त्यामुळे सिस्टरांना उन्हात पेणला जावं लागलं. माझं चुकलं.’

पहिलं उत्तर चौलच्या मास्तरांचं आलं. ‘हे अत्यंत निंद्य आहे. मी येथून बाहेर पडत आहे.’ आणि ते खरंच गेले. अकराचे दहा झाले. दोन दिवस पुन्हा सगळं सामसूम.

तिसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या काकांनी लिहिलं. हे काका ट्रेलर चालवायचे. बायकोला स्मृतिभ्रंश झाला म्हणून गाडी सोडून घरी बसले होते. पहिली ओळ त्यांनी लिहिली होती ती अशी : ‘पत्नी आजारी. सर्व ठीक आहे.’ आता त्यांनी लिहिलं : ‘खोटं मी पण लिवलेलं. सर्व ठीक न्हाय. काल मी तिच्यावर हात उगारला. मारला न्हाय, पण उगारला. ती घाबरून कोपऱ्यात बसली. बत्तीस वर्षं संसार केला, कधी असं झालं न्हाय. कोनाला सांगू?’

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या लिहायला पुढे झाल्या, बोट कीबोर्डवर ठेवलं, आणि मागे घेतलं. "थांब," म्हणाल्या. "जरा थांबू."

आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी थळच्या वहिनीने लिहिलं : ‘काका मी पन उगारते. मंग भाईर जाऊन पाटी घासते. जोरात घासते.’ मग सासवण्याची एक ताई, जिने महिनाभर एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिने लिहिलं की तिने एकदा खोलीला बाहेरून कडी लावली होती आणि अर्ध्या तासाने उघडली होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथे एकोणीस ओळी होत्या. सिस्टरांनी त्यात एकच घातली : ‘कडी लावू नका. हाक मारा. मी येते.’

ह्यातून मी असा काही धडा काढला नाही की खोटं बोलल्याने बरं झालं. मास्तर गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी पुढे वर्षभराने वारल्या, हे आम्हाला गावातून कळलं. ते वर्ष त्यांनी एकट्याने काढलं. सिस्टर दोनदा त्यांच्या घरी गेल्या, त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, विषय काढू दिला नाही.

पेणची खरी ताई आली. तिच्यामागून तिच्या ओळखीची एक आली. मग माणसं माणसांना आणू लागली. सिस्टरांनी एक शिस्त शेवटपर्यंत पाळली : कुठलाही प्रश्न सूर्य मावळेपर्यंत उत्तराशिवाय राहता कामा नये. माहीत नसलं तर त्या लिहीत, ‘वाचलं. मला माहीत नाही. विचारून सांगते.’ आणि तालुक्याच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसत. डॉक्टर वैतागून मला म्हणाले होते, "अहो, त्या पेशंट नसताना नंबर लावतात."

वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "आता आठ दिवस मी लिहिणार नाही. तूही लिहायचं नाही."

"का?"

"मी नसले तर हे चालतं का, ते बघायचंय. मी उत्तर देते म्हणून ती माझ्याकडे तोंड करून बसलीत. एकमेकांकडे तोंड करून बसायला हवीत."

मला ते क्रूर वाटलं, पण मी कबूल झालो. पहिल्या दिवशी एक प्रश्न संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. सिस्टर आमच्या ओटीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. जागेवरून सारख्या उठत होत्या. दिवे लागायच्या आत सासवण्याच्या ताईने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी. चौथ्या दिवशी दोघांचं उत्तर वेगवेगळं आलं आणि चक्क भांडण झालं. सिस्टर ते वाचून इतक्या खूश झाल्या की त्यांनी आईकडे दुसरा चहा मागितला.

पाचव्या दिवशी सकाळी, आई अण्णांना पेज भरवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते.

कुणाला कळवायचं, काय करायचं, काही सुचत नव्हतं. माझ्या सख्ख्या काकांना फोन करायचा तो न करता मी नेहमीसारखा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलो आणि लिहिलं, ‘अण्णा गेले. आत्ता.’ लिहायचं नाही हे ठरलं होतं, ते आठवलंही नाही.

ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांचीही उत्तरं येऊ लागली. कुणी मोठं काही लिहिलं नाही. पेणच्या ताईने विचारलं, ‘आईजवळ आहे ना कुणी?’ थळच्या वहिनीने लिहिलं, ‘येते.’ रेवदंड्याच्या काकांनी लिहिलं, ‘दाखला घ्यायला डॉक्टरला फोन कर आधी. मग नातेवाईक. घाबरू नको. मी फोन चालू ठेवलाय.’ मी एकेक करत गेलो.

सिस्टरांनी काही लिहिलं नाही. अर्ध्या तासात त्या दारात होत्या. "वाचत होते मी," एवढंच म्हणाल्या. अण्णांच्या पलंगाशी जाऊन, जिवंतपणी विचारायच्या तसं विचारलं, "अण्णा, अंघोळ घालते, हं." अंघोळ घालायला आई, थळची वहिनी आणि त्या, अशा तिघी होत्या. अंघोळ घालताना त्यांनी अण्णांना कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. "इकडे ये. बघ."

अण्णांची पाठ स्वच्छ होती. खांद्यापासून कमरेखालपर्यंत कुठे ओरखडा नव्हता, जुन्या जखमेचा तेवढा फिकट वण.

"दीड वर्ष पडून असलेल्या माणसाची पाठ आहे ही," त्या म्हणाल्या. "नीट बघून ठेव. लोक उद्या काय काय म्हणतील. तू हे लक्षात ठेव."

तेराव्यानंतर मी त्यांना म्हणालो, माझं खातं बंद करतो. मी आता कुणाच्या उशाशी नव्हतो. मला ऑफिसातही परत जायचं होतं. ‘उशाशी’वर आधीही दोघीतिघींचं तसंच झालं होतं. घरातलं माणूस गेलं की त्या गुपचूप नाहीशा व्हायच्या. सिस्टरांना ते मनाला लागायचं, पण अडवायच्या कुणाला नाहीत. मला मात्र अडवलं.

"आत्तापर्यंत तुझ्याकडे वेळ नव्हता," त्या म्हणाल्या. "आता वेळही आहे आणि येतंही सगळं. आणि आताच जातोस?" थोडं थांबून म्हणाल्या, "मला एकटीला किती पुरायचं रे?"

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी राहिलो. लाँचमध्ये बसून फोनवर उत्तरं द्यायला शिकलो. गेलेल्या दोघीतिघींना मीच परत बोलावलं, आणि त्या आल्या.

पुढच्या वर्षी सिस्टर इथून गेल्या. पोलादपूरकडे त्यांची थोरली बहीण असते, तिचं मांडीचं हाड मोडलं, मग ती उठलीच नाही. तिचं करणारं कुणी नव्हतं. सिस्टरांनी घराला कुलूप लावलं, भिंतीवरची बुद्धाची तसबीर पिशवीत घेतली, स्कूटर थळच्या वहिनीला देऊन टाकली आणि ‘उशाशी’च्या सगळ्या चाव्या मला. "मला तिथं काही अधिकार ठेवू नकोस," म्हणाल्या. "साधं माणूस म्हणून ठेव. पोलादपूर म्हणून."

दोन महिने पोलादपूर गप्प होतं. मी बघायचो, रोज येऊन वाचून जायच्या. गप्प असलेल्यांच्या वहीत आता मला त्यांचंच गाव लिहावं लागत होतं. मी फोन केला तर म्हणायच्या, सगळं ठीक, तुझं पोट साफ होतं ना?

मग एका दुपारी त्यांची ओळ आली.

‘माझी ताई माझ्या हातून जेवत नाही. शेजारणीच्या हातून जेवते, दूधवाल्याच्या पोराच्या हातूनही जेवते. मी घास पुढे केला की तोंड मिटून घेते. दीड महिना झाला. आयुष्यभर लोकांना शिकवलं आणि मला हे जमत नाही. काय करू?’

मी कितीतरी वेळ ती ओळ बघत बसलो. आमच्या जुन्या माणसांपैकी कुणीच लगेच लिहीना. सिस्टरांना काय सांगायचं, असं प्रत्येकाला झालं असणार. शेवटी लिहिलं ते रेवदंड्याच्या काकांनी. बायको जाऊन त्यांना तेव्हा चार महिने झाले होते.

‘सिस्टर, रागावू नका. तुमी घास देताना तिचं पोट, औषध, पानी सगळं मोजत असनार. तिला ते दिसतं. ती म्हनत असंल, ही नर्स कोन आली, माझी धाकटी कुठं गेली. उद्या भरवू नका. बाजूला बसून तुमीच जेवा. लहानपनीचं कायतरी बोला. तिनं मागितलं तर द्या.’

सिस्टरांनी त्यावर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला काळजी लागली, काकांनी मला दोनदा फोन करून विचारलं, "जास्त बोललो का मी?"

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परत येत होतो. लाँच खाडीच्या मध्यावर होती. फोन वाजला म्हणून काढून पाहिलं.

‘काल माझ्या ताटातली करवंदाची चटणी बघून म्हणाली, एकटीच खातेस का गं भवाने. अर्धी भाकरी खाल्ली. मी मोजली नाही, शेजारीण सांगते अर्धी होती.’

मी ते पुन्हा एकदा वाचलं. मग काकांना फोन लावला आणि त्यांना वाचून दाखवलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्याने. शेजारी बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. पलीकडून काकांनी विचारलं, "भवाने म्हनाली?"

"हो काका."

"मंग झालं," ते म्हणाले. "मंग ओळखलं तिनं."